मोन्सेला 'नुसता डोंगर' म्हणू नका

इस्टरनंतरच्या सोमवारी इथे स्पेनमधल्या कॅटलोनियात 'मोना' नावाचा केक कापतात. तो गॉडफादरने लेकराला आणून द्यायचा असतो आणि वर चॉकलेटचं काहीतरी उभं केलेलं असतं, आमच्या शेजाऱ्यांकडे यंदा चॉकलेटचा फुटबॉल होता आणि त्याचा एक तुकडा केक टेबलावर यायच्या आधीच कुणीतरी लंपास केला होता. तर तो केक कापता कापता भांडण लागलं. शेजारीण म्हणजे मोन्से, वय 73, पूर्ण नाव मारिया मोन्सेरात. तिची मुलगी लाया गरोदर आहे, मुलगी होणार हे इथे डॉक्टर सांगून टाकतात त्यामुळे सगळ्यांना माहितीये. मोन्सेने सहज विषय काढला की आमच्या घरात चार पिढ्या एक तरी मोन्सेरात आहेच. बस्स, एवढंच. जावई म्हणाला ठेवू की, त्यात देवाधर्माचा काय संबंध, डोंगराचं नाव आहे, आपली ओळख आहे. यावर मोन्सेची थोरली बहीण दोलोर्स उसळली. ही रोज चर्चला जाणारी. म्हणाली, डोंगराचं नाही, मरियामातेचं नाव आहे, आणि ज्या पोरीचा तुम्ही बाप्तिस्माही करणार नाही तिला ते अजिबात देऊ नका. लाया म्हणाली दोघंही गप्प बसा, ते आज्यांचं नाव आहे, हुकूमशहा फ्रँकोच्या काळात पाद्र्यांनी बायकांवर थापलेलं. सगळे नाव ठेवायला बसले होते आणि एकमेकांना नावं ठेवत उठले.

हा वाद फक्त त्या टेबलावरचा असता तर मी लिहीत बसले नसते. पण नऊ वर्षं मानरेसात राहतेय, ऑफिसात, ट्रेनमध्ये, शाळेच्या गेटवर हेच तीन डायलॉग आलटून पालटून ऐकलेत, आणि 2025 मध्ये मोन्सेरातच्या मठाला हजार वर्षं झाली तेव्हा तर हा वाद जरा जास्तच उकरला गेला. आणि दर वेळी मला वाटतं की तिघंही अर्धंच बोलतायत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते म्हणजे नंतर गैरसमज नको: मोन्सेरात हे धार्मिक नाव आहे, आरपार धार्मिक आहे, ते धुऊन पुसून 'सेक्युलर' करायला गेलात तर ते नाव टिकलं कसं हेच कळायचं बंद होईल. पण धार्मिक आहे म्हणून ते चर्चच्या मालकीचं आहे असंही नाही. आणि जुनाट आहे म्हणून टाकून द्या म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःच्या नावाचा अर्थ बघून घ्यावा.

आता ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी. बार्सिलोनाहून मानरेसाकडे येणारी आर-5 ट्रेन पकडली की तासाभराने डाव्या-उजव्या बाजूला जे दिसतं ते डोंगर कमी आणि कुणीतरी करवतीने कापून ठेवलेले दगड जास्त वाटतात, गोल गोल बोटांसारखे सुळके. मोन्त म्हणजे डोंगर, सेरात म्हणजे करवतलेला, संपला अर्थ. सगळ्यात उंच टोक 1236 मीटर, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या माणसाला फार कौतुक वाटायचं कारण नाही, पण आकार बघून वाटतंच. लिहिताना मध्ये एक 'त' असतो तो बोलताना गिळतात, आणि इथली माणसं पूर्ण नाव घेताना 'मुन्सरात' म्हणतात पण लाडाने हाक मारताना 'मोन्से', म्हणजे जोर कुठे पडतो त्यावर ओ चा उ होतो. मी 'मोन्सेरात' लिहितेय कारण गोव्याच्या बातम्या वाचणाऱ्या मराठी माणसाला हे आडनाव याच स्पेलिंगने माहितीये. (त्या आडनावाकडे नंतर येते.)

गोष्ट अशी सांगतात की सन 880 मध्ये काही मेंढपाळ पोरांना शनिवारी संध्याकाळी डोंगरावर उजेड दिसला, गाणं ऐकू आलं, मग गुहेत मरियामातेची मूर्ती सापडली, बिशपने ती मानरेसाला न्यायचं ठरवलं पण मूर्ती इतकी जड झाली की हलेचना, मग तिथेच देऊळ. आपल्याकडच्या देवींच्या कथा ऐकत वाढलेल्या कुणालाही यात नवीन काही नाही, देवीला जिथे बसायचंय तिथेच ती बसते. आत्ता जी मूर्ती आहे ती मात्र बाराव्या शतकाच्या आसपासची, लाकडाची, चेहरा आणि हात काळे. वार्निश काळवंडलं, शेकडो वर्षं मेणबत्त्यांचा धूर बसला, नंतर काळाच रंग दिला गेला. लोक तिला 'मोरेनेता' म्हणतात, म्हणजे सावळी, लाडाने. विठ्ठलाला सावळा म्हणणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको. मठ उभा केला ओलिबा नावाच्या मठाधिपतीने 1025 च्या सुमारास. 1881 मध्ये पोप लिओ तेराव्यांनी तिला कॅटलोनियाची रक्षणकर्ती म्हणून जाहीर केलं, आणि हाच काळ कॅटलान भाषेच्या पुनरुज्जीवनाचा, कविता, वर्तमानपत्रं, गाणी, सगळं परत कॅटलानमध्ये सुरू झालेलं, आणि मुलींची नावं मोन्सेरात ठेवायची लाट याच हवेतली आहे. नावाची पूर्ण ओळ 'मारे दे देउ दे मोन्सेरात', देवाची आई, मोन्सेरातची. मुलीचं नाव पडतं मारिया दे मोन्सेरात, मग मारिया गळते आणि उरतं फक्त ठिकाण.

जावयाचा मुद्दा इथूनच सुरू होतो आणि तो कमकुवत नाहीये हे कबूल करायला हवं. तो म्हणतो डोंगराला हे नाव मठाच्या आधीपासून आहे, मरिया त्या डोंगरावर नंतर आली, म्हणजे मरियेला डोंगराचं नाव मिळालं, डोंगराला मरियेचं नाही. बरोबर. 888 च्या एका दानपत्रात काउंट गिफ्रेने तिथली छोटी प्रार्थनास्थळं रिपोयच्या मठाला दिल्याचा उल्लेख आहे, तेव्हाही डोंगर मोन्सेरातच होता. शिवाय तो म्हणतो की आज ज्या हजारो बायकांचं हे नाव आहे त्यातल्या किती चर्चला जातात? स्वतः मोन्से लग्नानंतर फक्त लोकांच्या लग्नाला आणि मयताला चर्चमध्ये गेलीये. मग धर्म उरला कुठे?

ठीक. पण मग मला एक सांगा, नुसत्या डोंगराचंच नाव ठेवायचं असतं तर कॅटलोनियात डोंगरांची काय कमी आहे? पेद्राफोर्का आहे, दोन शिंगांचा, 2500 मीटरच्या वर, प्रत्येक कॅटलान पोरगा आयुष्यात एकदा तरी चढतो. पीका देस्तात्स आहे, सगळ्यात उंच. मोन्सेन्य आहे, बार्सिलोनाच्या अगदी शेजारी. आहे का कुणाची मुलगी पेद्राफोर्का? आणि उलट बघा, नूरिया ही पिरेनीजमधली एक दरी, मेरितशेल हे अंदोरामधलं एक गाव, केराल्त ही बेर्गाच्या वरची एक टेकडी, या तिन्ही जागांची नावं मुलींना आहेत. का? कारण तिथे तिथे मरियेचं देऊळ आहे. मेरितशेलची आणि नूरियाची जत्रा तर 8 सप्टेंबरला असते, म्हणजे मरियेच्या वाढदिवशी, बांद्र्याच्या मोत माउलीची जत्राही याच सणाची. डोंगर, दरी, गाव काहीही असो, त्याचं मुलीचं नाव व्हायला मध्ये देवीचा हात लागतो. आपल्याकडे मुलीचं नाव काशी ठेवायचे, मुळशी नाही ठेवत. गोदावरी, मथुरा, द्वारका ही काय नुसती भूगोलाची नावं आहेत? कुणी आज्जीला विचारलं असतं की बाई तुझं काशीबाई हे नाव धार्मिक का भौगोलिक, तर तिने उलथणं फेकून मारलं असतं.

पण जावयाच्या म्हणण्याला खरा धक्का भूगोलाने नाही, इतिहासाने बसतो, आणि इथे मला जरा थांबायचंय कारण हा भाग इथल्या लोकांनाही नीट आठवत नाही. 18 मे 1938 ला फ्रँकोच्या सरकारच्या न्यायखात्याने जन्मनोंदणीबद्दल एक हुकूम काढला. स्पेनचं गृहयुद्ध अजून चालू होतं, बार्सिलोना पडायला आठ महिने होते, पण नावांची काळजी आधीच घेतली जात होती. त्या हुकमात म्हटलंय की काही प्रांतांत प्रादेशिक भावना विकृत थराला गेल्यामुळे नोंदणीत भलती नावं आली आहेत, उदाहरणादाखल इन्याकी, केपा, कोल्दोबिका ही बास्क (उत्तर स्पेनमधल्या दुसऱ्या भाषेतली) नावं, ही फुटीर म्हणून बंद. यापुढे स्पॅनिश लोकांची नावं स्पॅनिशमध्ये. आणि मग पुढे एक सवलत दिलीये, की काही नावांना दुसऱ्या भाषेतच खरं रूप आहे, ती चालतील, आणि उदाहरणादाखल चार नावं दिलीयेत: आरांथाथु, इथियार, मोन्सेरात, बेगोन्या. ही चारही नावं परत वाचा. चारही मरियेची ठिकाणं आहेत. तीन बास्क, एक कॅटलान. म्हणजे 'राष्ट्राच्या एकतेसाठी' सगळ्या नावांवर बुलडोझर फिरवणाऱ्या माणसांनी ज्या चार घरांना हात लावला नाही ती चारही घरं आईची होती. आता सांगा धर्माचा संबंध नाही म्हणून.

हे कागदावर वाचणं वेगळं आणि समोर बघणं वेगळं. मोन्सेने मला एकदा त्यांचं जुनं कुटुंबाचं पुस्तक दाखवलं होतं, इथे 2021 पर्यंत लग्न झालं की सरकार एक छोटं पुस्तक द्यायचं त्यात मुलांच्या नोंदी व्हायच्या, तिच्या आईवडिलांचं ते पुस्तक, कडा कुरतडलेल्या. त्यात थोरल्या मुलीच्या नावापुढे लिहिलंय 'दोलोरेस'. घरात तिला जन्मापासून दोलोर्स म्हणतात, पण दोलोर्सचं स्पॅनिश करता येतं ना, मग केलं. मेर्सेचं मेर्सेदेस होतं, रोझेचं रोसारियो, नेउसचं निएवेस, कार्माचं कार्मेन. धाकटीच्या नावाचं काय करणार? मोन्सेरातचं स्पॅनिश काय? 'मोन्ते अस्सेरादो' असं मुलीचं नाव कुणी कारकून लिहिणार होता का? म्हणून ते तसंच राहिलं. शाळेत हजेरी स्पॅनिशमध्ये, शिकवणं स्पॅनिशमध्ये, मैदानावर कॅटलान बोललं तरी ओरडा बसायचा, आणि त्या हजेरीत रोज सकाळी बाईंना एक शब्द कॅटलान बोलावाच लागायचा. मोन्से म्हणते की मी 'हजर' स्पॅनिशमध्ये म्हणायचे पण मला बोलावलेलं मात्र माझ्या भाषेत असायचं. यातली गंमत अशी की जी बहीण देवभोळी तिचं नाव सरकारने बदललं आणि जी देवाला फारसं विचारत नाही तिचं नाव देवीने वाचवलं.

आणि ज्यांनी खरंच धर्म बाजूला ठेवून नावं ठेवली होती त्यांचं काय झालं? 1931 ते 1939 च्या रिपब्लिकच्या, म्हणजे राजेशाही जाऊन आलेल्या प्रजासत्ताकाच्या काळात, विशेषतः अराजकवादी कामगारांच्या घरात, मुलींना य्यिबेर्तात म्हणजे स्वातंत्र्य, अकरासिया म्हणजे सत्ताहीनता, मुलांना जेर्मिनाल अशी नावं पडली होती. सुंदर नावं. 1939 नंतर त्या पोरींना रातोरात संतांची नावं घ्यावी लागली. म्हणजे जो प्रयोग आज जावई करू बघतोय, धर्म काढून टाकलेलं नाव, तो एकदा होऊन गेलाय आणि हुकूमशाहीने तो एका दिवसात मोडून टाकला, आणि ज्या नावाला लोक 'पाद्र्यांचं' म्हणतात ते नाव त्याच हुकूमशाहीच्या नाकाखालून चाळीस वर्षं चालत गेलं. सरकारला त्यात मरिया दिसत होती, घराला त्यात डोंगर आणि भाषा दिसत होती, आणि दोघंही खोटं बघत नव्हते. म्हणून मी म्हणते की यातलं एक काढून दुसरं ठेवू असं होत नाही.

(मुलांच्या बाबतीत ही सोय नव्हती. बार्सा क्लबचा डच फुटबॉलपटू योहान क्रुइफ, त्याच्या मुलाचं जोर्दी हे कॅटलान नाव ठेवलं 1974 मध्ये, पोरगा जन्मला आम्स्टरडॅमला, आणि बार्सिलोनाच्या नोंदणी कार्यालयात सांगितलं गेलं की जोर्दी चालणार नाही, स्पॅनिशमध्ये होर्खे लिहा. पण डच कागदावर आधीच जोर्दी छापलेलं होतं आणि समोर क्रुइफ उभा होता. सगळ्यांचे बाप क्रुइफ नसतात. बाकीच्यांना 4 जानेवारी 1977 च्या कायद्यापर्यंत थांबावं लागलं, तेव्हा कुठे स्पेनमधल्या कुठल्याही भाषेतलं नाव नोंदवता यायला लागलं. दोलोर्सने तेव्हा लगेच 'दोलोरेस' बदलून घेतलं. मोन्सेही गेली होती अर्ज करायला, तिला फक्त मारिया मधल्या आय वरची तिरकी रेघ काढायची होती, स्पॅनिशमध्ये ती रेघ असते, कॅटलानमध्ये नसते. एका रेघेसाठी अर्धा दिवस रांग.)

आता लाया आणि तिच्यासारखं बोलणारे. यांचा मुद्दा मला सगळ्यात जास्त बोचतो कारण त्यात सगळ्यात जास्त तथ्य आहे. ते म्हणतात की तुम्ही जे 'देवीने वाचवलं' म्हणताय त्याची दुसरी बाजू बघा, ज्या राजवटीने चर्चला डोक्यावर घेतलं तिने बायकांना काय दिलं? नवऱ्याच्या परवानगीशिवाय बँकेत खातं उघडता येत नव्हतं. आणि नावं काय? दोलोर्स म्हणजे वेदना. सोलेदात म्हणजे एकटेपण. रेमेइ म्हणजे इलाज. कोनसेपसिओ म्हणजे गर्भधारणा, तीसुद्धा निष्कलंक. मुलाचं नाव विक्टर आणि मुलीचं नाव वेदना, हे काय नाव झालं? मी साताऱ्याची आहे, 2011 मध्ये आमच्या जिल्ह्यात 'नकुसा' नावाच्या शेकडो मुलींची नावं सरकारने समारंभ करून बदलली होती, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. मग दोलोर्सवर मी वेगळं काय बोलणार?

आणि राजकारणाचा डागही आहे, तो लपवून उपयोग नाही. गृहयुद्धात फ्रँकोच्या बाजूने लढलेल्या कॅटलान कार्लिस्टांच्या, म्हणजे कट्टर कॅथलिक राजेशाहीवाद्यांच्या, तुकडीचं नावच मोन्सेरातच्या मरियेचं होतं, त्यांचं स्मारक त्या डोंगरावर उभारलं गेलं. 'कॅटलोनिया ख्रिश्चन असेल किंवा नसेलच' हे बिशप तोरास इ बाजेस यांच्या नावावर सांगितलं जाणारं वाक्य मठाच्या दर्शनी भागावर कोरलेलं आहे. फ्रँको स्वतः तिथे आला, त्याचं स्वागत झालं.

पण ही यादी इथे थांबवायची का? 1936 मध्ये त्याच मठातले वीसहून जास्त साधू मारले गेले, आणि मठ जळण्यापासून वाचवला तो कॅटलोनियाच्या रिपब्लिकन सरकारने, ताब्यात घेऊन. मग 27 एप्रिल 1947. मूर्तीला नवीन चांदीचं सिंहासन, लोकवर्गणीतून केलेलं, आणि त्या सोहळ्याला हजारोंनी माणसं डोंगरावर चढली, जाहीर कार्यक्रमात कॅटलान ऐकू आलं, आणि वरच्या सुळक्यावर बंदी असलेला कॅटलान झेंडा लटकलेला होता, पोलिसांना तो काढायला कडा चढावा लागला. ज्या मठाधिपती एस्कार्रेंनी फ्रँकोचं स्वागत केलं त्यांनीच 1963 मध्ये पॅरिसच्या 'ल माँद'ला मुलाखत देऊन सांगितलं की ही राजवट स्वतःला ख्रिश्चन म्हणवते पण ख्रिश्चन धर्माची मूळ तत्त्वंच पाळत नाही, आणि 1965 मध्ये त्यांना देश सोडावा लागला. डिसेंबर 1970 मध्ये बुर्गोसच्या लष्करी कोर्टात बास्क कार्यकर्त्यांवर खटला चालू होता, मृत्युदंड होणार हे दिसत होतं, तेव्हा तीनेकशे लेखक, कलाकार, सिनेमावाले याच मठात स्वतःला कोंडून घेऊन बसले, त्यात तापिएस, मिरोसारखे चित्रकार होते, आणि बाहेर पोलीस. आत बसलेल्यांमध्ये एक चोवीस वर्षांची पत्रकार होती, कम्युनिस्ट, स्त्रीवादी, पुढे नाझी छळछावण्यांतल्या कॅटलान कैद्यांवर मोठं काम करणारी. तिचं नाव मोन्सेरात रोच. मोन्सेरात मोन्सेरातला कोंडून घेऊन बसली होती. लायाला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली की ती तिची हिंमत, नावाची नाही. खरंय. पण मग तेच लॉजिक दुसऱ्या बाजूलाही लावा ना, कार्लिस्ट तुकडीचं पापही त्या तुकडीचं, नावाचं कसं? पुण्य माणसाचं आणि पाप नावाचं, हा हिशोब मला पटत नाही.

आणि वेदनेचं म्हणाल तर, नकुसा आणि दोलोर्स एका तागडीत बसत नाहीत, हे मला टाळ्या वाजवून झाल्यावर खूप वर्षांनी कळलं. नकुसा नाव त्या मुलीबद्दल बोलतं, ती नको होती असं. दोलोर्स नाव त्या मुलीबद्दल बोलतच नाही, ते मरियेच्या सात दुःखांबद्दल बोलतं, मुलाला क्रुसावर बघणाऱ्या आईबद्दल. आवडो न आवडो, पण ते मुलीला कमी लेखणं नाही. तरी उद्या कुणी म्हणालं मला माझ्या मुलीचं नाव वेदना नाही ठेवायचं, तर मी वाद घालणार नाही. मोन्सेरातमध्ये मात्र वेदना नाही, एकटेपण नाही, गर्भधारणा नाही, एक करवतलेला दगड आहे आणि त्याच्या मांडीवर बसलेली काळी बाई. त्यात बायकांना दाबणारं काय आहे हे मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

बरं, आणि लाया हे नाव काय आकाशातून पडलं? आज इथे नर्सरीच्या वर्गात लाया म्हणून हाक मारली तर दोघीतिघी वळून बघतात, सगळ्यांना ते छोटं, मॉडर्न, हलकं वाटतं. लाया म्हणजे एउलालिया. बार्सिलोनाची तेरा वर्षांची मुलगी, चौथ्या शतकाच्या सुरुवातीला रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या काळात धर्म सोडायला नकार दिला म्हणून तिला तेरा प्रकारे छळून मारलं अशी कथा आहे, कॅथेड्रलच्या तळघरात तिची कबर आहे आणि अंगणात तिच्या वयाची म्हणून तेरा पांढरी बदकं, म्हणजे हंसासारखी मोठी असतात ती, पाळलेली आहेत. सप्टेंबरात मेर्सेच्या, म्हणजे आताच्या शहररक्षक मरियेच्या, उत्सवात पाऊस पडला की लोक म्हणतात एउलालिया रडतेय, तिचा मान मेर्सेला दिला म्हणून. म्हणजे 'धार्मिक नाव नको' म्हणणारी मुलगी स्वतः छळून मारलेल्या संत पोरीचं नाव घेऊन फिरतेय आणि डोंगराच्या नावाला नाक मुरडतेय! धर्म नको हे कारण नाहीच आहे. आज्जीचं नाव नको हे कारण आहे, आणि ते कारण चांगलं आहे, प्रामाणिक आहे, तेवढंच सांगा की. सुमन, कुसुम, शकुंतला आपल्याकडेही मागे पडल्या, त्यासाठी कुणी स्त्रीवादाचा दाखला दिला नाही.

राहिली दोलोर्स. बाप्तिस्मा नाही तर नाव नाही. तिचं दुःख मला समजतं, तिच्यासाठी तो डोंगर म्हणजे फोटो काढायची जागा नाही, ती 27 एप्रिलला, मोन्सेरातच्या सणाला, गुडघे दुखत असतानाही वर जाते, आणि ज्यांना एक प्रार्थना येत नाही अशा लोकांनी ते नाव 'आयडेंटिटी' म्हणून वापरलं की तिला आपल्या देवघरातली वस्तू कुणी शोकेसमध्ये ठेवल्यासारखं वाटतं. पण दोलोर्सबाई, हे नाव तुमच्या हातातून केव्हाच सुटलंय हो. 1493 मध्ये कोलंबसने कॅरिबियनमधल्या एका बेटाला हे नाव दिलं, त्याच्या त्या सफरीत बेर्नात बोइल नावाचा एक पाद्री होता जो आधी याच डोंगरावर राहायचा. मेक्सिकोत आज ढिगाने मोन्सेरात नावाच्या मुली आहेत ज्यांनी कॅटलोनिया नकाशावरसुद्धा बघितलेलं नाही. आणि आमच्या बाजूला या. इथून तासाभरावर विक गाव आहे, तिथला आंतोनी दे मोन्सेरात नावाचा जेझुइट गोव्याला आला, 1579 मध्ये गोव्याहून निघून अकबराच्या दरबारात फतेहपूर सिक्रीला पोचला, राजपुत्र मुरादला शिकवलं, अकबराच्या फौजेबरोबर काबूलच्या वाटेला लागला, आणि त्या सगळ्याची नोंद लिहून ठेवली जी आजही मुघलांचा अभ्यास करणारे वाचतात. तो मेला 1600 मध्ये, गोव्यातल्या साष्टीत. गोव्यात मोन्सेरात हे आडनाव आजही आहे. त्यांच्याकडे कुणी कॅटलोनियाचा दाखला मागायचा का? आणि ज्या मोन्सेरातला सगळं जग ओळखतं, ती काबाये, ऑपेरावाली, तिने 1980 च्या दशकाच्या शेवटी 'बार्सिलोना' नावाचा अल्बम गायला तो कुणाबरोबर? पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये शिकलेल्या एका पारशी मुलाबरोबर, ज्याला जग फ्रेडी मर्क्युरी म्हणतं. आता यात बाप्तिस्म्याची पावती कुठे चिकटवणार?

शिवाय एक गोष्ट दोलोर्स विसरते, नाव नुसतं जन्माच्या दिवशी ठेवलं जात नाही, ते रोज हाकेतून ठेवलं जातं. मोन्सेच्या 'नावाच्या दिवशी', म्हणजे आपलं नाव ज्या संताचं त्याच्या सणाला, इथे वाढदिवसापेक्षा हा दिवस मोठा मानणारी जुनी माणसं अजून आहेत, सकाळपासून फोन वाजत असतो, त्यात रोज चर्चला जाणारे असतात, कधीच न जाणारे असतात, आमच्यासारखे हिंदू शेजारीही असतात. माझ्या मुलीने एकदा शिरा करून नेला होता. मोन्सेने तो मरियेच्या छोट्या फोटोसमोर ठेवला, मग उचलून स्वतः खाल्ला. मी विचारलं तू तर मानत नाहीस ना, मग समोर का ठेवला, तर म्हणाली, तिचाही आज नावाचा दिवस आहे, मी एकटीच कशी खाऊ.

लायाच्या फ्रिजवर सध्या चुंबकाखाली एक कागद आहे. ओना, ब्रुना आणि सगळ्यात खाली मोन्सेरात, हे शेवटचं जावयाच्या अक्षरात, त्यापुढे लायाने प्रश्नचिन्ह काढलंय. गेल्या रविवारी मोन्सेने ते ओल्या बोटाने पुसलं, शाई पसरली आणि त्याचं एक तिरकं फराटं राहिलं, अगदी त्या आय वरच्या रेघेसारखं. मी संध्याकाळी भांडं परत द्यायला गेले तेव्हा लायाने त्याच्या शेजारी नवीन प्रश्नचिन्ह काढलेलं होतं, आधीच्यापेक्षा मोठं.